ओला शर्ट

“अहो मास्तर, एकच वाक्य बोलायचंय, शाळेतल्या पोरालाही जमेल!” न्यायालयाच्या जिन्यात ठाण्याचे साहेब दबक्या आवाजात म्हणाले. “‘सामानाच्या खोलीत ओल आहे, त्यामुळे शर्ट खराब झाला.’ बस्स! खरंच आहे की ओल. आणि ओलीला कोण नोटीस देणारे?”

पाकीटमास्तरांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

हे नाव त्यांना पोलीस ठाण्यानेच चिकटवलं होतं. खुनाच्या जागी सापडलेली वस्तू, मग तो चाकू असो नाहीतर फुटका कप, पाकिटात घालायची, चिठ्ठी लावायची, सील ठोकायचं आणि प्रयोगशाळेत धाडायची, हे त्यांचं काम. सव्वीस वर्षं! नवा माणूस आला की त्याला बसायला खुर्ची मिळायच्या आधी पहिला धडा मिळायचा. “रक्ताचा कपडा ओला असला तर आधी सावलीत वाळव, मग कागदी पाकिटात घाल. प्लास्टिकला हात लावलास तर माझ्याशी गाठ आहे!” ओलं रक्त प्लास्टिकमध्ये कोंडलं की कुजतं, आणि कुजलेलं रक्त कुणाचं हे मग कुणाच्या बापालाही सांगता येत नाही. मास्तरांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यांनी हे घडाघडा सांगितलं असतं.

आणि तरीही.

शिलाईकाम करणाऱ्या त्या मुलीचा खून झाला, त्याच संध्याकाळी संशयिताच्या घरामागून रक्ताचे डाग पडलेला तो शर्ट आला. चक्क पाणी गळत होतं त्यातून. कागदी पाकीट क्षणात फाटलं असतं. वाळवायची खोली वरच्या मजल्यावर, आणि मास्तरांचे गुडघे त्या दिवशी ऐकायला तयार नव्हते. ‘सकाळी वाळवू,’ म्हणून त्यांनी हाताशी होती ती प्लास्टिकची पिशवी उचलली. सकाळी दुसरंच काम अंगावर कोसळलं. मग बायकोचं डोळ्याचं ऑपरेशन, सुट्टी, धावपळ. शर्ट वाळवायचा राहिलाय हे आठवलं ते नवव्या दिवशी.

पिशवी उघडली आणि वास आला. त्यांनी शर्ट मुकाट्याने वाळवला, कागदी पाकिटात घातला, त्यावर नेहमीसारखी सुबक चिठ्ठी लावली आणि पाठवून दिला. कुणाजवळ ब्र काढला नाही.

प्रयोगशाळेतल्या मॅडमनी फोन केला तेव्हा त्यांचा विश्वासच बसत नव्हता. “मास्तर, बुरशी? तुमच्या पाकिटात?” त्या रागावल्या असत्या तर परवडलं असतं.

जिन्याच्या वर बाकावर मुलीची आई बसली होती. मास्तरांना बघून ती लगबगीने उठली.

“दादा, आज शर्टाचं सांगणार ना तुम्ही?”

त्यांनीच तिला पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं, “ताई, शर्ट आहे आपल्याकडे. माणसं खोटं बोलतात, शर्ट नाही बोलत.” तेव्हा तो शर्ट त्यांच्याच कपाटात कुजत होता.

“सांगतो,” ते कसंबसं म्हणाले.

आत सरकारी वकिलांनी विचारलं, “कपडा खराब कशामुळे झाला?”

वाक्य जिभेवर तयार होतं. मास्तरांनी तोंड उघडलं.

“माझ्यामुळे.”

साहेबांनी डोक्याला हात लावला. आरोपीने आज पहिल्यांदाच मान वर केली.

“मी ओला शर्ट प्लास्टिकमध्ये ठेवला. नऊ दिवस. आणि नंतर ते लपवलं.”

“तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना तुम्हाला?” न्यायाधीशांनी विचारलं.

“हो साहेब. सव्वीस वर्षं लोकांना हेच शिकवत आलो.”

आरोपीच्या वकिलांनी एकही प्रश्न विचारला नाही. त्यांना हवं होतं ते आयतं मिळालं होतं.

बाहेर साहेब तरातरा पुढे निघून गेले. जाता जाता म्हणाले, “कुणी विचारलं होतं का हो तुम्हाला? चार महिने राहिले होते निवृत्तीला!”

मास्तर भिंतीला टेकले. आता मुलीची आई येईल, बोलेल, शिव्या देईल. द्याव्यातच, असं त्यांना वाटत होतं.

ती आली. हातात वहीचं एक पान होतं.

“तो सुटणार का?”

“त्या शर्टाशिवाय... अवघड आहे, ताई.”

तिने हातातलं कोरं पान पुढे केलं.

“पोरीचे बाबा अंथरुणाला खिळलेत. घरी गेले की विचारतील. माझ्याच्यानं नाही सांगवणार. तुम्ही लिहून द्या.”

“काय लिहू?”

“आत बोललात ते. सगळं.”

खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून मास्तरांनी लिहिलं. शर्ट केव्हा आला, कशात ठेवला, किती दिवस, कुणी. खाली पूर्ण नाव आणि तारीख. एकही ओळ तिरकी गेली नाही.

तिने ओठ हलवत अक्षर न् अक्षर वाचलं, घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

“अक्षर छान आहे तुमचं,” ती म्हणाली, आणि जिना उतरू लागली.