बांधाखालचा दरवाजा

नांगरताना थोरल्याने बांध कोरला असं धाकटा म्हणे, धाकट्याने कोरला असं थोरला म्हणे. आणि दोघांच्या तावडीत बांध बिचारा बारीक होत चालला होता. बोलणं तुटलं भावांचं, शिक्षा मात्र बायकांना. त्या दोघी सख्ख्या बहिणी. पलीकडे पाहायचं नाही, असा दोन्ही घरांत हुकूम. धाकटीला मूल झालं हे थोरलीला कळलं ते दोरीवर वाळणाऱ्या दुपट्यांवरून. मुलगा की मुलगी, हे काही दुपटी सांगेनात.

अशात पाइप टाकायला चर खणला आणि खाली दगडी तट लागला. पुराणवस्तू खात्याच्या बाई आल्या. दोन्ही शेतांखाली जुना भुईकोट किल्ला गाडलेला निघाला. बांध सोडून दोन्हीकडे खड्डे पडले. धाकट्याकडे निघाला मुदपाकखाना, थोरल्याकडे शौचकूप.

"ज्याचं त्याला बरोबर मिळालं," धाकटा बाईंना म्हणाला, पण पलीकडे ऐकू जाईल अशा बेताने.

थोरला चार दिवस घराबाहेर पडला नाही. मग छाती काढून आला. "बाई, त्याला विचारा, राजा मुदपाकखान्यात कधी पाय तरी ठेवायचा का? माझ्याकडे रोज यायचा!"

मुख्य दरवाजा निघाला तो नेमका बांधाखाली.

"बांध काढावा लागेल," बाई म्हणाल्या.

"हात लावून दाखवा!" दोघे एका सुरात ओरडले. कित्येक वर्षांत भावांचं एकमत झालं ते हे असं.

बाईंनी खाली वाकून पाहिलं. दगडी चौकट शाबूत होती, बांध तिच्या डोक्यावर आरामात बसला होता. "बरं, बसू दे त्याला. दारात भरलेली माती दोन्हीकडून खरवडून काढू. हलक्या हाताची माणसं द्या."

परक्याचा भरवसा कोण धरतो? दोघांनी आपापली बायको धाडली. "नीट लक्ष ठेव," दोघांनीही बजावलं, "आपली माती तिकडे जाता कामा नये."

धाकटीने बाळाची टोपली खड्ड्यातच सावलीला ठेवली. इकडून करणीने खरवड, तिकडून करणीने खरवड. माती पातळ होत गेली, शेवटी जाऊबाईंच्या बांगड्यांचा आवाज आरपार येऊ लागला. जाऊबाईंच्या नव्हे, ताईच्या.

"ताई?"

"नाही, राणीसरकार. हळू गं, डोळ्यात माती उडवतेस!"

भोक पडलं. आधी बोट आलं, मग मनगट, मग कोपर.

"मुलगा की मुलगी?"

"मुलगी. नाक तुझं आलंय, काय करणार!"

"दे इकडे."

"मावेल एवढं होऊ दे."

दोघींनी अशी माती उपसली की उंदीर लाजावेत. मग टोपलीतली ऊब, डोकं आधी, दगडी दारातून पलीकडच्या ओंजळीत उतरली. पोर जागी झाली आणि अनोळखी नाकाला मुठीत धरून राहिली.

"काकूला ओळखलंस का गं?" थोरली नाक न सोडवताच म्हणाली.

"काकू नंतर. आधी मावशी."

वर बांधाच्या दोन टोकांना दोघे भाऊ पहारा देत उभे होते.

"खाली कुजबुज कसली?" थोरल्याने विचारलं.

बाईंनी वाकून पाहिलं, सावकाश सरळ झाल्या. "दरवाज्याचं काम नाजूक असतं. महिने लागतील."

"लागू देत. बांध हलला नाही ना?"

"तसूभरही नाही."

दोघे समाधानाने बांधावरच बसले, एकमेकांकडे पाठ करून.