बुधवारची दुखणी

सरकारच्या तिजोरीत खडखडाट झाला, शिक्षकांचे पगार अर्ध्यावर आले आणि गल्लीतल्या सरकारी दवाखान्याला कुलूप लागलं. उरली फक्त दर बुधवारी शाळेत येणारी नर्स, आणि तिलाही हुकूम होता की मुलांनाच तपासायचं.

तेव्हापासून चौथीच्या बाईंच्या मनात पाल चुकचुकत होती. एरवी दांड्या मारणारी कार्टी बुधवारी झाडून हजर, आणि वरच्या मजल्यावर नर्सच्या खोलीबाहेर ही भली मोठी रांग. गणित चुकवायची नाटकं, दुसरं काय. आज बाई जिना चढून, मध्ये दोनदा थांबून, नर्सच्या दाराआड उभ्या राहिल्या.

आत दोन वेण्यांची मुलगी सांगत होती, "गुडघे धरतात. सुईत दोरा ओवता येत नाही. आणि परवा कवळी मोडली."

नऊ वर्षांच्या पोरीची कवळी. नर्सने मान वर न करता पुडीत गोळ्या बांधल्या. "जेवणानंतर घ्या म्हणावं," ती म्हणाली.

म्हणजे हीसुद्धा सामील. बाईंनी मुलीला बाहेर गाठलं. "खरं सांग, कोणाचे गुडघे?"

"आजीचे," मुलगी रडवेली झाली. "वर कळवू नका ना, बाई."

बाईंनी जिन्याकडे पाहिलं, मग इकडेतिकडे.

"परत आत जा," त्या हळूच म्हणाल्या. "सांग, जिना चढला की छातीत कळ येते आणि डाव्या हातात उतरते."

"कोणाच्या, बाई?"

"तुझ्या," बाई म्हणाल्या.