गाडीची लाल शिंगं

आमच्या जयेशला गाडीचं वेड आहे असं लोक म्हणतात. वेड नाही हो, रोग आहे. मी त्याची बायको, मला विचारा. कोलशेतची जमीन बिल्डरला गेली तेव्हा त्याच्या थोरल्या भावाने, पंढरीदादांनी, शहाण्यासारखे गाळे बांधले, आणि आमच्या ध्यानाने पिवळ्याधमक रंगाची, दोन दरवाजांची स्पोर्ट्स कार आणली. तीही सेकंडहॅन्ड. इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे विहिरीत उतरायचं. मागे सीट आहे असं कागदोपत्री लिहिलंय. प्रत्यक्षात तिथे भाजीची पिशवी मावते, आणि लग्नकार्य असलं की मी.

आता ही गाडी ऑटोमॅटिक. म्हणजे गिअर टाकायची कटकटच नाही, तिचं ती बघते. तरी स्टिअरिंगच्या मागे दोन बाजूंना बोटाएवढ्या दोन काळ्या पट्ट्या होत्या. उजवी आपल्याकडे खेचली की गिअर वर, डावी खेचली की खाली. त्यांना पॅडल म्हणतात. इतकी वर्षं त्या बिचाऱ्या गपचूप आपल्या जागी होत्या. पण जयेशने मोबाईलवर कुठल्या तरी परदेशी माणसाचा व्हिडिओ बघितला आणि त्याला त्या पट्ट्या लहान वाटायला लागल्या.

मी म्हटलं, "अरे, गाडी स्वतः गिअर बदलते ना? मग तुला हात कशाला घालायचाय?"

"तुला नाही कळणार, वर्षाली. फील असतो."

फील! माझ्या मिक्सरचं झाकण फुटलंय ते वर्षभर बदलायला फील येत नाही याला.

तर नवे पॅडल मागवले. ॲल्युमिनियमचे, लालभडक, तळहाताएवढे, वर टोकदार. कळव्याला विकीचं गाडीच्या सामानाचं दुकान आहे, तिथे नेले. विकी म्हणाला, "यात काय नाय शेठ, जुन्यावर नवीन चढवायचं, टोपी घातल्यासारखं." त्याने जुन्या पट्ट्या स्पिरिटने पुसल्या, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली, नवीन पॅडल दाबून बसवले आणि बजावलं, "आज गाडी हलवू नका. टेप सुकू दे." जयेश हो हो म्हणाला आणि तिथूनच गाडी चालवत घरी आला. कोलशेतच्या वळणावर डावं पॅडल त्याच्या हातात आलं. मी बाजूलाच होते. त्याचा चेहरा असा झालेला की मला हसूही येईना.

मग पठ्ठ्याने घरीच अंगणात बैठक मांडली. ओट्याचा ग्रॅनाइट चिकटवायचा गम असतो ना, दोन ट्यूब एकत्र कालवायच्या, तो आणला. माझ्या चांगल्या वाटीत कालवला. पॅडल चिकटवले, त्यावर कपडे वाळत घालायचे चिमटे लावले आणि उगाच फुंकर मारत बसला. वाटी गेली ती गेलीच.

"आता हे सात जन्म निघत नाही," तो म्हणाला.

"सात जन्म चिकटून राहायला मी एक पुरे नाही का रे?"

दुसऱ्या दिवशी मला घेऊन घोडबंदर रोडला फेरी. मेट्रोचं काम, कंटेनरची रांग. जयेश आपला उजवं खेचतोय, दुसरा गिअर. डावं खेचतोय, पहिला गिअर. उजवं, डावं, उजवं, डावं. बाजूच्या बसमधली माणसं खाली वाकून बघत होती. तिसरा गिअर त्या दिवशी आम्हाला काही दिसला नाही. पण जयेश खूश होता, आणि खरं सांगते, तो खूश असला की मला त्याच्यावर नीट रागावताही येत नाही.

आता मुद्द्याचं. माझी नणंद विनिताताई डोंबिवलीला दिलीय. तिच्या मुलीचं, कल्पिताचं लग्न तेव्हा नुकतंच ठरलेलं. नवरीला मामाने मांडवात आणायचं हे सगळीकडेच असतं. पण कल्पिताला मामा दोन. पहिला मान थोरल्याचा, म्हणजे पंढरीदादांचा. पोरगी मात्र सगळ्यांसमोर बोलली, "मला जयेशमामाच आणणार. त्याच्याच गाडीतून."

पंढरीदादा माणूस मोठ्या मनाचा, पण जीभ तिखट. म्हणाले, "माझं काय नाय. पण जयेशने आजवर एक काम धड पुरं केलंय का? फिशटँक आणला, मासे आणायचे राहिले. जिम लावली, पहिल्याच दिवशी कंबर धरून आला. मुहूर्त जवळ आला आणि हा पोचला नाही, तर मी स्वतः येऊन पोरीला माझ्या गाडीत घालून नेईन. आणि मग मांडवात मामा म्हणून मीच उभा राहीन. तेव्हा रडायचं नाय."

सगळे हसले. जयेशही हसला. पण घरी येऊन पानावर बसला आणि भात नुसता चिवडत राहिला. मासळीला हात लावला नाही. आमच्या घरात कोणी मासळीला हात लावला नाही की समजावं, लागलंय. म्हणाला, "एवढं एक मला नीट करायचंय, वर्षाली. तिच्यासमोर तरी."

लग्नाच्या दिवशी आम्ही डोंबिवलीला वेळेच्या कितीतरी आधी पोचलेलो. गाडी धुतलेली, फुलं लावलेली. मी आत कल्पिताला नऊवारी नेसवत होते, जयेश फेटा बांधून घेत होता. आणि नेमक्या तेवढ्या वेळात माझ्या सासूबाई, मनुबाई, हातात हळदीचा दोरा घेऊन अंगणात गेल्या.

आमच्या घरची एक रीत आहे. नवरीला जे नेतं त्यालाही हळद लागते आणि कंकण बांधतात. बैलगाड्या होत्या तेव्हा बैलांच्या शिंगांना बांधायचे. आणि एकदा बांधलं की लग्न लागून नवरानवरीची कंकणं सुटेपर्यंत ते सोडायचं नाही, तोडायचं तर मुळीच नाही. संसाराला बाधा येते म्हणतात. पंढरीदादांच्या लग्नापासून गाड्या आल्या, तेव्हा सासूबाई आरशाला बांधायला लागल्या. पण या गाडीचे आरसे नुसता धक्का लागला तरी घडी होतात. सासूबाईंनी बांधायला घेतलं आणि आरसा मिटला. त्या दचकल्या. बोनेटवर धरायला काही नाही. शेवटी दार उघडून आत डोकावल्या, आणि त्यांना दिसली. लाल, टोकदार, एक डावीकडे, एक उजवीकडे.

"अगं बाय, ही बग शिंगां!" त्या म्हणाल्या. हे मला नंतर विनिताताईने सांगितलं.

बांधलं ना मग! दोन्ही शिंगांना, स्टिअरिंगच्या दांड्यांसकट, आवळून, वेढ्यावर वेढे, मध्ये हळकुंड. सासूबाईंचं माहेर खाडीवरचं. होडी बांधायची गाठ त्यांच्या हातात आहे. ती गाठ समुद्राला सुटत नाही, तिथे आपली काय कथा. मग जयेशच्या कपाळाला हळद लावून त्या बाकीच्यांबरोबर पुढे मांडवात गेल्या. नवरी मामासोबत शेवटी निघते, त्यामुळे घराशी उरलो आम्ही तिघं. मी मागे, भाजीच्या पिशवीच्या जागी, गुडघे हनुवटीला. कल्पिता पुढे, मुंडावळ्या बांधून. जयेश स्टिअरिंगवर.

त्याने दोरा बघितला. "आयेने छान बांधलंय," म्हणाला आणि गाडी चालू केली. इंजिन गुरगुरलं. गाडी जागची हलली नाही. त्याने ॲक्सिलरेटर दाबला. आवाजाने शेजारच्या गॅलरीतली कबुतरं उडाली, गाडी तिथेच. गिअरचा दांडा पुढे केला, मागे केला, बंद करून चालू केली. एकदा तर उतरून चाकांना लाथा घालून आला. काही नाही.

तेवढ्यात पंढरीदादांचा फोन. "निघालात?"

"निघालो निघालो, रस्त्यातच आहे," जयेश म्हणाला. खिडकीबाहेर विनिताताईची तुळस दिसत होती.

मी म्हटलं, "विकीला लाव आधी." स्पीकरवर विकी. तो म्हणाला, "शेठ, स्क्रीनवर एन दिसतंय का? मग न्यूट्रलला आहे. दोन्ही पॅडल एकदम खेचले की या गाडीत न्यूट्रल पडतो. कोणी खेचून धरलंय का?"

आम्ही तिघांनी दोऱ्याकडे बघितलं. सासूबाईंनी असं आवळलेलं की दोन्ही शिंगं स्टिअरिंगला पार टेकलेली. बैल असता तर त्याचीही मान अडकली असती.

"आई गं," जयेश म्हणाला, आणि यावेळी खरंच त्याला आईच म्हणायचं होतं.

कल्पिता म्हणाली, "मामा, तोड ना. माझ्या पर्समध्ये नेलकटर आहे."

आता ऐका. हा तो माणूस आहे ज्याने सासूबाईंनी बंपरला बांधलेलं लिंबू-मिरची हवेला अडतं म्हणून काढून टाकलेलं. वाहनपूजेचा नारळ गाडीच्या पुढे नको, मागे फोडा, रंगावर पाणी उडतं, म्हणणारा. मला वाटलं, कापतोय आता. त्याने नेलकटर हातात घेतला. दोऱ्याजवळ नेला. मग परत कल्पिताच्या हातात ठेवला.

"नाय तोडणार."

"अरे मामा, माझंच लग्न आहे, मी सांगतेय ना! मी नाही मानत असलं काही."

"मी पण नाय मानत," जयेश म्हणाला. "पण तुझ्यासाठी बांधलंय. उद्या तुला साधी शिंक आली तरी मला वाटेल मी दोरा तोडला म्हणून. नको बाबा."

"मग पंढरीमामाला बोलवायचं का?"

पंढरीदादा आले असते तर दहा माणसांत एक वाक्य बोलले असते, आणि ते वाक्य जयेशला जन्मभर पुरलं असतं. मला इतकं वाईट वाटलं ना! मागे बसून मी नुसती त्याच्या फेट्याची शेपटी बघत होते.

आणि मग त्याने पॅडलला हात घातला. दोऱ्याला नाही, पॅडलला. दोन्ही हातांनी डावं लाल शिंग धरलं, दात आवळले आणि पिरगाळलं.

"अरे, सात जन्म!" मी ओरडले.

"गेला खड्ड्यात सातवा जन्म!"

कडाक् झालं. गम इतका पक्का होता की सुटला नाही तो नाहीच. लाल पॅडल त्याच्या खालच्या मूळच्या काळ्या पट्टीसकट, वायरीचं शेपूट घेऊन बाहेर आलं. मग उजवं. जयेशच्या बोटाला कापलं. दोरा सैल होऊन स्टिअरिंगवर लोंबला, अख्खा, हळकुंडासकट, एक धागाही तुटला नाही. जयेशने दोन्ही पॅडल माझ्या मांडीवर टाकले. बघितलेही नाहीत.

गाडी हलली. पण स्क्रीनवर नाना रंगांचे दिवे लागले. गिअरबॉक्सने अंग काढून घेतलेलं. ॲक्सिलरेटर कितीही दाबा, गाडी आपली सायकलच्या वेगाने आणि कुठलाही आवाज न करता चाललेली. कल्याण-शीळ रोडला एका रिक्षावाल्याने शेजारी येऊन विचारलं, "दादा, धक्का मारू?" जयेशने मान हलवून नको म्हटलं. स्कूटीच्या मागे बसून आमच्या पुढे निघून गेलेली एक आजीबाई मागे वळून बघत होती.

कल्पिताने रुमाल काढून त्याच्या बोटाला गुंडाळला आणि विचारलं, "मामा, गाडी ऑटोमॅटिकच आहे ना? मग तू ते लावलेलंस कशाला?"

मी कान टवकारले. मला या प्रश्नाचं उत्तर महिनाभर मिळालं नव्हतं.

जयेशने एक खड्डा चुकवला. मग म्हणाला, "वेगात असताना झटकन खालचा गिअर टाकला ना, की मागून फट फट फटाक असा आवाज येतो. घाईत ती छोटी पट्टी बोटाला सापडत नाही. मांडवाच्या गेटवर टाकणार होतो. सगळे वळून बघतील, म्हटलं. जयेश आला म्हणतील. पंढरीदादा पण बघेल." मग हसला. "आता काय, मांजर येतं तसे येऊ आपण. असू दे. वेळेवर आलो म्हणजे झालं."

मी खिडकीबाहेर बघायला लागले, कारण माझं काजळ पसरायला लागलेलं.

मांडवाच्या रस्त्याला वळलो तेव्हा मुहूर्ताला थोडाच वेळ उरलेला. डीजे बंद करून ठेवलेला. गेटवर ही गर्दी, आणि पंढरीदादा हातात चावी घेऊन आपल्या गाडीकडे निघालेले. त्यांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. कोणाचंच नव्हतं. पिवळीधमक गाडी फुलं लावून समोरून येतेय आणि एक माणूस वळून बघेना. जयेशने हॉर्नवर हात नेला आणि परत घेतला. हॉर्न काय, टेम्पोवालेही वाजवतात.

तेवढ्यात कल्पिताने काच खाली केली. मुंडावळ्या कानामागे टाकल्या, कमरेपर्यंत खिडकीबाहेर गेली आणि गळा फाडून ओरडली, "ढर्रर्रर्र! ढर्रर्रर्रर्र! फट! फट! फटाक्!"

नवरी हो! नऊवारीतली, हिरवा चुडा भरलेली नवरी!

गेटवरची सगळी गर्दी वळली. मी मागच्या सीटच्या खुराड्यातून काचेला तोंड लावून सुरू केलं, "घुर्रर्र! घुर्रर्र! फट फट फट!" बत्तीस दात दाखवत मुलं धावत आली आणि गाडीच्या दोन्ही बाजूंनी तोच आवाज करत पळायला लागली. डीजेवाल्याला काही कळलं नाही, त्याने घाबरून ढोल सुरू केला. जयेश दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून रडत होता आणि हसत होता, आणि गाडी सायकलच्या वेगाने जात होती. तेव्हा मला वाटलं, याहून जोरात जाऊच नये.

पंढरीदादा गेटच्या मध्ये उभे होते. त्यांनी कल्पिताला बघितलं, जयेशचं रुमाल गुंडाळलेलं बोट बघितलं, माझ्या मांडीवरचे लाल तुकडे बघितले. हातातली चावी खिशात टाकली, दोन्ही हात पसरले आणि गर्दीला मागे रेटत ओरडले, "ए, सरका बाजूला, वाट द्या! नवरीचा मामा आलाय!"