पाटावर बसण्यापुरतं

व्यायाम सुरू केला त्याच आठवड्यात माझं पहिलं किलो गेलं आणि ते पलंगाच्या उजव्या बाजूला जाऊन बसलं.

उजवी बाजू कुमुदची, माझ्या बायकोची. ती गेल्यापासून तिथली गादी फुगून वर आली होती. त्या सकाळी मी घाम पुसत खोलीत आलो तर गादीला खळगा पडलेला. छोटाच, वाटी ठेवल्यासारखा. हात लावला तर ऊब होती. मी वजनकाट्यावर उभा राहिलो. ऐंशीचे एकोणऐंशी झाले होते. मग काटा त्या खळग्याखाली सरकवला. त्याने एक दाखवलं.

मला इतका आनंद झाला की मी परत बैठका मारायला गेलो.

व्यायामाचं खूळ गौतमीचं. गौतमी माझी मुलगी. तिचं लग्न ठरलं तेव्हा ती म्हणाली, "पप्पा, फोटोत तुमचं पोट आधी येतंय आणि तुम्ही मागनं." तिने मोबाईलवर घरच्या घरी करायचा व्यायाम लावून दिला. त्यात एक बाई उड्या मारते आणि "शाब्बास, अजून एक" म्हणते. माझं सायकलचं दुकान आहे. ते उघडायच्या आधी मी चटई टाकायचो आणि त्या बाईचं ऐकायचो.

रोज आधी माझं वजन करायचो, मग तिचं. माझं पोट उतरलं तशी तिची मांडी भरली. माझ्या मांड्या उतरल्या आणि तिची बैठक आली. ती दिसत नव्हती. पण ती बसली की पलंग करकरायचा आणि तो आवाज तिचाच होता. माझ्या बसण्याने तो पलंग वेगळा करकरतो.

कुमुद बासष्ट किलोची होती. मी हिशोब केला. मला अठरा उरत होते. अठरा खूप झाले.

लग्नाच्या तयारीला माझी थोरली बहीण आली. तिला आम्ही अक्का म्हणतो.

"सदा, विजार कुठं चालली रे तुझी?"

"बारीक होतोय."

"नाडी आवळ. नाहीतर मांडवात सगळ्यांना दर्शन होईल." मग ती म्हणाली, "आणि कन्यादान विनायक आणि त्याची बायको करतील. जोडपं लागतं."

विनायक आमचा धाकटा भाऊ.

"मी करणार," मी म्हणालो. "कुमुदबरोबर."

अक्का पलंगावर टेकली आणि लगेच उठली. वळून तिने गादीकडे बघितलं.

"तरी बरीच हडकलीस गं," ती म्हणाली.

"अजून येतेय ती," मी म्हणालो.

"ये बाई. पण लग्नाच्या आत ये."

मला तेवढंच पाहिजे होतं. गौतमी पिवळी साडी नेसून बसेल तेव्हा तिची आई माझ्या शेजारच्या पाटावर असायला पाहिजे. दुसरं काही नको होतं.

मुहूर्ताचं बोलायला गुरुजी आले. त्यांनी पिशवीतून एक सुपारी काढून मला दिली.

"बायको नसली की कमरेला सुपारी लावून बसायचं. ती सुपारी म्हणजेच पत्नी. आपल्यात पद्धत आहे. आत्ताच लावून बघा, तुमच्या कमरेवर टिकते का ते."

मी सुपारी कमरेला खोचली. खोलीत गेलो तर गादी सपाट. पलंगाखाली बघितलं, गॅलरीत बघितलं. शेवटी ती स्वयंपाकघरात सापडली. पिठाच्या डब्याचं झाकण आत दबलं होतं. रुसली की ती तिथेच बसायची.

"कुमुद, नुसती सुपारी आहे गं ती."

झाकण आणखी दबलं.

अक्का दारातून म्हणाली, "घरात सवत आणलीस आणि वर नुसती म्हणतोस?"

मी अडकित्ता घेतला, सुपारी कातरली आणि तिच्यासमोर खाल्ली. दुपारी गादीला खळगा परत पडला.

गुरुजींना सांगितलं की सुपारी चालणार नाही, ती स्वतः बसेल. त्यांनी दोन पाट मांडायला लावले. मी डावीकडे बसलो. "ये, बस," म्हणालो. उजवा पाट वाजला. गुरुजींनी वाकून पाटाच्या कडेला बोट लावलं आणि मान हलवली.

"बसल्या. छान. पण हात?"

"कसला हात?"

"यजमानाच्या हाताला पत्नीचा हात लागला पाहिजे. नुसतं बसून कसं चालेल?"

"हात कसा आणायचा?"

"ते तुमचं तुम्ही बघा. मुहूर्त काही पुढं जाणार नाही."

मी बैठका सोडल्या आणि जोर मारायला लागलो. मोबाईलवरची बाई पोटाचं सांगत होती, मी दंडाचं करत होतो. माझे दंड उतरले की तिचे खांदे येत होते. मग कोपरापर्यंत आली. मी रोज शीळ घालत दुकानात जायचो. दोन्ही खिशांत नट भरलेले असायचे, त्याशिवाय पाय रस्त्याला टेकत नव्हते. चाकात हवा भरायला पंप दाबला की पंप जागेवर राहायचा आणि मी वर जायचो.

"सदाभाऊ, खाली या," गिऱ्हाईक म्हणायचं. "मला कामावर जायचंय." मग तेच माझा शर्ट धरायचं आणि मी हवा भरायचो.

घरात पंखा लावणं बंद केलं. मग खिडक्या लावल्या. अक्काने चटईच्या दोन्ही कडांवर वाटणाचे दगडी पाटे ठेवले, मला धरायला काहीतरी असावं म्हणून.

एक दिवस गौतमी दुकानातून मला घरी घेऊन आली. रस्ताभर तिने माझं मनगट सोडलं नाही.

"पप्पा, तुमचं किती झालं?"

"वीस."

"आणि आईचं?"

"साठ! हात तेवढे राहिलेत."

"बास करा आता. मला लग्नात दोघं पाहिजेत."

"म्हणूनच तर चाललंय."

ती पलंगाशी खाली बसली आणि तिने डोकं टेकवलं. तिचं डोकं गादीपासून वीतभर वर राहिलं, मांडीवर राहावं तसं.

"आई, तू सांग ना यांना."

आम्ही दोघं थांबलो. पलंग एकदा करकरला.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"काही नाही. नुसती बसलीय." गौतमीने डोळे मिटले. "पप्पा, ती थोपटत नाहीये."

"हात नाहीत ना अजून."

गौतमीने डोकं उचललं. मग उठली, माझ्या खिशांतले नट काढले आणि मला चटईपर्यंत नेऊन सोडलं. पाटे घट्ट धरून मी जोर काढले. ती शेजारी बसून म्हणाली, "शाब्बास. अजून एक."

लग्नाच्या सकाळी मी पितांबर नेसलो. पितांबराला खिसे नसतात. अक्काने मला काखेत धरून पाटापर्यंत नेलं आणि खांदा दाबून बसवलं. हॉलमध्ये लोक उभे राहून बघत होते. कुणीतरी म्हणालं, "काय तब्येत कमावलीय सदाभाऊंनी!" मला फार बरं वाटलं.

उजवा पाट वाजला. पुरा बासष्ट किलो वाजला.

समोर गौतमी पिवळ्या साडीत बसली होती. गुरुजींनी माझ्या तळव्यावर पळीभर पाणी घातलं आणि रिकाम्या पाटाकडे बघून म्हणाले, "वहिनी, हात लावा."

माझ्या मनगटावर हात आला. जड होता, ऊबदार होता. अंगठ्यावर विळीची जुनी खूण होती, ती मला टोचली. माझ्या कातडीत चार बोटं रुतलेली गौतमीला समोरून दिसली. तिने तोंडावर पदर धरला आणि ती हसली. मला खाली पाट लागला. कितीतरी दिवसांनी मी कशावर तरी बसलो होतो. अक्काने माझा खांदा सोडला आणि ती डोळे पुसायला मागे गेली.

गुरुजींनी मंत्र म्हटले. ते सावकाश म्हणत होते, आणि आणखी सावकाश म्हटले असते तरी चाललं असतं. मी गौतमीकडे बघितलं, गौतमी मनगटाकडे बघत होती. पाणी ताम्हनात सोडलं.

"झालं," गुरुजी म्हणाले. "वहिनी, आता हात सोडा."

आधी तिची करंगळी उचलली गेली आणि माझा पाट केसभर खाली राहिला.