थरथरीवर अक्सीर इलाज

आमच्या ताईने आयुष्यात दोन गोष्टींना कधी भीक घातली नाही: गिऱ्हाइकांची घाई आणि माझं बोलणं. दुसरीबद्दल माझी तक्रार नाही. मला सत्तर वर्षं झाली आणि सत्तरही वर्षं लोक मला थापाड्याच म्हणत आले. पहिलं दीड वर्ष तर मला बोलताही येत नव्हतं, तरी म्हणायचे. पण आज सांगतोय त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. जिराफाचं तेवढं माझं.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी आणि कपडे शिवते. आमच्या पहिल्या मजल्यावरच्या घरात पुढची खोली तिची. खिडकीशी पायमशीन, मधे कापायचं टेबल, भिंतीवर खुंटीला कैच्या, आणि खाली पडलेल्या टाचण्या, ज्या फक्त माझ्या तळपायाला सापडतात. पन्नास वर्षं तिचा एकच रिवाज. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करायचं, डावा डोळा मिटायचा, आणि दोरा सुईत. दुसरी खेप नाही.

आणि एका सकाळी दोरा सुईच्या डावीकडून गेला. मग उजवीकडून गेला. मग नाकात गेला. ताईने आम्हाला काही सांगितलं नाही, कारण माणसांना सांगितलं की माणसं काळजी करतात. तिने फोनला विचारलं, "सुई ओवताना हात थरथरतो, काय करू?"

झालं! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याच दुपारी फोनवर थरथरीच्या गोळ्या आल्या. दुसऱ्या दिवशी तेल आलं, मनगटाचा पट्टा आला. आठवड्याने सूर बदलला. 'हात थरथरतोय? पाय किती दिवस वाट बघतील?' ताई बिचारी उद्याचं हवामान बघायला जायची, तर तिथे ढगाच्या चित्राशेजारी लिहिलेलं, 'तुमच्यामागे घरच्यांचं काय?' सरतेशेवटी वृद्धांच्या एका विश्रांतीगृहाची जाहिरात सुरू झाली. हिरवळीवर पांढऱ्या कपड्यांतली म्हातारी माणसं एका झुडपाकडे बघून हसतायत. झुडपाने काय विनोद केला होता कोण जाणे.

जी बाई माणसाकडे नुसतं बघून त्याच्या पॅन्टचं माप सांगायची, ती आता दिवसातून दहा वेळा स्वतःची नाडी मोजू लागली. गोळ्या सुरू झाल्या. आणि चार महिन्यांनी एका मंगळवारी तिने मशीनवर चादर घातली.

"येत्या सोमवारी गाडी येतेय," ती म्हणाली. "त्या विश्रांतीगृहाचा अर्ज भरलाय मी. मशीन विकून टाका."

"ताई, अगं जाहिरात आहे ती! विकायला बसलेत ते!"

"बाळ्या, तू माझ्याशी जन्मभर खोटं बोललास. फोन एकदाही बोललेला नाही. हात थरथरतो म्हणाला, थरथरतोय. हे बघ."

तिने सुई-दोरा धरला. खरंच नाचत होता दोरा. आता खोटं कशाला सांगू, मी धरून बघितला तर माझाही नाचला. मी मनात म्हटलं, वय झालं रे बाबा. आणि गुपचूप तिच्यातली एक गोळी घेतली.

माझी सून गणिताची शिक्षिका आहे. तिने मंगळवारी रात्रभर विचार केला आणि बुधवारी सकाळी मला जिन्यात गाठलं.

"बाबा, त्या यंत्राला आत्या दिसत नाही. त्याला दिसतं फक्त आपण काय विचारलं ते. त्यावरून ते मनाशी एक माणूस जुळवतं आणि त्या माणसाला घाबरवत सुटतं."

"मग?"

"मग आपण त्याला दुसराच माणूस जुळवून देऊ. भीतीच्या जाहिराती थांबल्या की आत्याचं डोकं जागेवर येईल. तुम्ही फक्त फोन पळवा. थाप मारायची आहे, जमेल ना?"

जमेल ना म्हणे! माशाला विचारतेय, पोहशील ना. 'फोनच्या पोटात हवा धरलीय, दुरुस्तीला देतो,' असं ताईला सांगून मी फोन घेऊन बाहेर पडलो.

आमच्या इमारतीत नग काही कमी नाहीत. दुसऱ्या मजल्यावर एक पैलवान बाई राहते. तिने ताईच्या फोनला विचारलं, 'समोरच्याला उचलून आपटल्यावर कंबर कशी शेकावी?' तिच्या शेजारणीला आठवा महिना होता. तिने विचारलं, 'बाळ लाथा मारतं, उजव्या पायाचं असेल का?' तिसऱ्या मजल्यावरच्या ट्रकवाल्याने अठरा टायरांची चौकशी केली, आणि त्याच्या समोरच्या ट्रम्पेटवाल्याने विचारलं की शेजाऱ्यांनी दारावर चपला मारल्या तर ती दाद समजावी का. शेवटी मी लिहिलं, 'जिराफाला पडसं झालं तर रुमाल केवढा लागतो?'

रोज ही फेरी. शुक्रवारपर्यंत थरथरीच्या गोळ्या त्या फोनवरून गायब! त्यांच्या जागी अठराचाकी बाबागाडी आली. गरोदर पैलवानांसाठी कसरतीचे बूट आले. 'ट्रम्पेटच्या आवाजात बाळाला झोपवा, फक्त सात दिवसांत.' जिराफाचे रुमाल डझनाने, वर एक फुकट. मी फोन ताईला परत नेऊन दिला. तिने अर्धा तास तो वाचला आणि म्हणाली, "बाळ्या, मी कोण आहे?"

पण गाडं इथेच अडलं. जाहिराती गेल्या, थरथर जाईना. उलट वाढली. आणि आता ती ताईपुरती राहिली नव्हती. कपबशा फळीवरून एकेक करून खाली उतरू लागल्या. शनिवारी दुपारी मी माझ्या खोलीत पलंगावर आडवा झालो, तो चार वाजता स्वयंपाकघरात जागा झालो, पलंगासकट. सून म्हणाली, "आलाच आहात तर दुधाकडे बघा." ट्रम्पेटवाल्याच्या सुराला असा काही कंप आला की दोन बायका रडल्या. सगळ्यांनी आपापल्या फोनला विचारलं, 'हात थरथरतात, काय करू?' आणि सगळ्यांकडे गोळ्या आल्या. पैलवान बाईसुद्धा जेवणानंतर दोन घेऊ लागली. जिन्यात भेटलो की आम्ही एकमेकांकडे दयेने बघायचो. इमारतीबद्दल कुणाच्या मनात आलं नाही. दोष आपलाच, असं इतकं पाठ झालं होतं आम्हाला!

सोमवार उजाडला. ताईची पेटी दाराशी, अर्ज टेबलावर, शेजारी पाण्याचा ग्लास. नऊच्या सुमाराला दार वाजलं. मला वाटलं, गाडीवालाच. दारात उभा होता एक घामाघूम तरुण. गळ्यात ओळखपत्र, शर्टाचं मधलं बटण तुटलेलं, हातात एक पाटी, तीही फोनसारखीच, पण मोठी.

"इथे कोण राहतं?" तो पाटीत बघून वाचू लागला. "वय चौऱ्याहत्तर, आठवा महिना, पैलवान, अठराचाकी ट्रक चालवते, ट्रम्पेट वाजवते... जिराफ पाळते?"

"आमच्या आत्या," सून म्हणाली. "या ना, बसा."

"मी खालचा इंजिनिअर," तो बसत म्हणाला.

आमच्या तळमजल्यावर सायकलींचं जुनं गोदाम होतं. ते चार महिन्यांपूर्वी कुणीतरी घेतलं होतं. लोखंडी दार, बुजवलेल्या खिडक्या, दारावर नावाची पाटी नाही. आत गार ठेवतात एवढं कळलं होतं, म्हणून आमची समजूत की बर्फ विकत असतील.

"बर्फ नाही हो. जाहिरातींचं यंत्र आहे. कुणाला काय दाखवायचं ते तेच ठरवतं. पण बुधवारपासून ते दुसरं काही करतच नाहीये. या एका बाईंचाच विचार करतंय. असं गिऱ्हाईक त्याने कधी बघितलेलंच नाही! इतकं तापलंय की सगळे पंखे पूर्ण जोरात सोडलेत. आजी, पाया पडतो, तुम्हाला नेमकं काय हवंय ते एकदा सांगून टाका."

"आजी कुणाला म्हणतोस रे? बटण कुठाय तुझं?"

"खिशात."

"दे इकडे. असा उघड्या पोटाने फिरतोस होय घरोघर!" ताईने सवयीने सुई उचलली. अर्ज भरला तरी बोटं शिंपिणीचीच. "आणि मला काय हवंय म्हणशील तर पांढरा दोरा संपत आलाय. एक रीळ."

"बस?"

"बस. मला काय करायचाय जिराफ!"

इंजिनिअरने पाटीवर लिहिलं: 'पांढरा दोरा. एक रीळ. बाकी काही नको.'

खाली एक मोठा उसासा ऐकू आला. पाच दिवस डोकं फोडून घेतलं, आणि निघालं काय तर दोरा! यंत्राला ते सहन झालं नसावं. पंख्यांची घरघर बारीक झाली, आणखी बारीक झाली, आणि थांबली.

ताईने दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, डावा डोळा मिटला. दोरा सुईत गेला. पहिल्या खेपेला.

ताईने सुईकडे बघितलं, मग टेबलावरच्या ग्लासाकडे. चार महिने त्या पाण्यावर बारीक बारीक वलयं असायची. आता ते आरशासारखं पडलं होतं.

"तुझं ते यंत्र," ती शांतपणे म्हणाली, "बसवलं कधी?"

"चार महिने झाले."

"म्हणजे तुझ्या यंत्राने माझं टेबल हलवलं. मग माझा हात हलतो असं मला सांगितलं. आणि वर गोळ्या विकल्या."

इंजिनिअर चाचरला. "तसं नाही आजी... मावशी. पंखे आमच्याकडे. गोळ्यांच्या जाहिराती म्हणजे दुसरा विभाग."

"हे बघ. गिऱ्हाइकाचा खांदा वाकडा असला तर मी कोट असा शिवते की तो कुणाला दिसू नये. तुम्ही धडधाकट माणसाला वाकडा म्हणता, आणि मग कोट विकता. हा कसला धंदा रे?"

त्याने मान खाली घातली. मग हळूच खिशात हात घातला आणि गोळ्यांचं अर्धं संपलेलं पाकीट टेबलावर ठेवलं. तेच. थरथरीवर अक्सीर इलाज.

"तूसुद्धा?" मी ओरडलो.

"दिवसभर यंत्राशेजारी बसतो ना," तो म्हणाला. "तीन महिने हात थांबत नाहीत. आईला अजून सांगितलं नाही."

आधी सून हसली. मग मी. मग ताई अशी हसली की सुई हातातून सुटली, आणि पोरगं हसता हसता डोळे पुसू लागलं. आवाज ऐकून वरची मंडळी खाली आली. त्यांना सांगितलं तेव्हा पैलवान बाईने आनंदाच्या भरात इंजिनिअरला उचललं. आपटलं नाही, हे तिचे उपकार.

"पण यंत्र दुपारी चालू करावंच लागेल," तो हवेतूनच म्हणाला.

"कर. आधी त्याच्या पायांखाली गाद्या घाल. चिंध्यांच्या जाड गाद्या शिवून देते मी. गिऱ्हाईक म्हणून आलं तर यंत्राचंही माप घेईन. पण गोळ्यांच्या जाहिराती बंद. या इमारतीतच नव्हे, सगळीकडे."

"ते दुसऱ्या विभागाला विचा—"

"मग गाद्याही दुसऱ्या विभागाकडून शिवून घे."

त्याला खाली ठेवल्यावर त्याने तिथेच उभ्या उभ्या पाटीवर काहीतरी खोडलं. ताईने मशीनवरची चादर ओढून काढली आणि टेबलावरचा अर्ज उचलला. चांगला जाड कागद होता. तिने त्याची घडी घातली, खडूने रेघ मारली आणि कैची चालवली. यंत्राच्या पायाच्या गादीचा नमुना एकदम बरोबर निघाला.

तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. विश्रांतीगृहाची गाडी. "बाळ्या," ताई मान वर न करता म्हणाली, "जा, मार एक थाप."

सत्तर वर्षांत पहिल्यांदा! माझा ऊर भरून आला. मी खिडकीतून वाकून ओरडलो, "बाई येऊ शकत नाहीत हो! आठवा महिना चालू आहे!"

गाडीवाल्याने हातातला कागद बघितला. कागद त्याच यंत्रातून आलेला. "हो, इथेही तसंच लिहिलंय," तो म्हणाला आणि तब्येत सांभाळायला सांगून गाडी घेऊन गेला.

गाद्या चार झाल्या, ग्लासातलं पाणी हलत नाही, आणि इंजिनिअरचे सगळे शर्ट आता ताईच शिवते. फक्त यंत्राने तिची आशा सोडलेली नाही. परवा तिच्या फोनवर आलं, 'अभिनंदन! अकरावा महिना लागला. घाबरू नका, जिराफांना पंधरा लागतात.'