एका दुपारच्या बारा तारखा

मी तारखेचा शिक्का आहे. रोज आजची तारीख सांगायची आणि ती खरी सांगायची, एवढंच माझं काम. त्याहून जास्त आज पहिल्यांदा बोलतोय. फार बोलायची सवय नाही, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

माझ्या पोटात रबराचे तीन पट्टे आहेत. एकावर दिवस, दुसऱ्यावर महिने, तिसऱ्यावर वर्षं. बाजूचं दातेरी चाक नखाने फिरवलं की पट्टा सरकतो. कुठल्याशा कारखान्यात जन्मलो, म्हापशाच्या एका दुकानात काचेमागे काही महिने बसलो आणि तिथून डिचोली तालुक्यातल्या एका लहानशा आरोग्य संशोधन केंद्रात आलो.

तिथे मला सगुण भेटला. आवक-जावक बघणारा कारकून. पेडण्याहून दोन बस बदलून यायचा. आला की छत्री खिळ्याला लावायची, कुलूप काढून खण उघडायचा, मला एक दिवस पुढे सरकवायचं आणि रद्दी कागदावर ठसा मारून बघायचा. मग म्हणायचा, "जाला. आजचो दीस सुरू."

मला वाटायचं, मी सरकल्याशिवाय दिवस खरंच सुरू होत नसेल. थोडा गर्व होता मला. खोटं कशाला सांगू?

एका जूनमध्ये डॉ. सुविधा आमच्याकडे आली. लाटंबार्शे गावची. नुकतीच डॉक्टर झालेली, आणि संशोधन शिकायला आलेली. नव्या डॉक्टरांसाठी दोन वर्षांची एक योजना होती. प्रत्येकाला एक जाणता मार्गदर्शक मिळायचा. त्याने महिन्यातून एकदा तरी नव्या डॉक्टरला समोर बसवून घ्यायचं, अडलेलं सोडवायचं, पुढची वाट दाखवायची. भेट झाली की काय बोलणं झालं ते एका कागदावर लिहायचं, खाली दोघांच्या सह्या आणि वर माझा ठसा. वर्ष संपताना समिती येणार, काम बघणार आणि दुसरं वर्ष द्यायचं की नाही ते ठरवणार.

सुविधाचे मार्गदर्शक होते कृष्णनाथ सर. मोठं नाव. बोलणं मधासारखं. पहिल्याच दिवशी तिला म्हणाले, "तू मला मुलीसारखी. काहीही अडलं तर दार उघडं आहे."

दार उघडंच असायचं. आत सर नसायचे.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती वही घेऊन यायची आणि सगुणच्या टेबलाशी स्टुलावर बसून वाट बघायची.

"सर नाय गे बाय. पणजेक गेल्यात. खुर्ची आसा, तिका नमस्कार कर नी जा."

"खुर्चीकच इचारू काय काका?"

"इचार. ती सरांपरस बरी. उठान तरी जायना."

दोघं हसायची. सगुण आपल्या डब्यातला अर्धा उंडा पाव आणि भाजी तिच्यापुढे सरकवायचा. ती खाता खाता आपल्या अभ्यासाबद्दल सांगायची. काजूच्या हंगामात बागेत पडलेली बोंडं वेचताना माणसांना गोचीड चावते, काहींना माकडताप येतो. तरी ती दवाखान्यात चार-पाच दिवस उशिरा येतात. का येतात? हंगाम बुडेल म्हणून? की ताप साधाच आहे असं वाटतं म्हणून? तिची आई देवकी अशीच अंगात ताप घेऊन बोंडं वेचत राहिली होती. आई वाचली. शेजारची गंगाकाकी मात्र उशिरा गेली दवाखान्यात, आणि परत आली नाही. म्हणून सुविधाला घराघरात जाऊन विचारायचं होतं, रक्त तपासायचं होतं.

माणसांचं रक्त घ्यायचं तर एका समितीची परवानगी लागते, आणि तिच्याकडे अर्ज जायला मार्गदर्शकाची सही लागते. सुविधाने तो अर्ज आमच्याकडे दिला तो अकरा जूनला. ठसा मीच मारला. निळा, सरळ, एकही आकडा पुसट नाही. अजून आठवतो.

तो अर्ज सरांच्या ट्रेमध्ये पडून राहिला. जुलै गेला, गणपतीची चवथ गेली, दिवाळी गेली. ती विचारायची तेव्हा जिन्यावरूनच सर म्हणायचे, "हो हो, आज बघतो." सही झाली फेब्रुवारीत. परवानगी आली एप्रिलच्या शेवटी. तोवर बोंडं संपत आली होती. एक हंगाम हातातून गेला.

मे महिन्यात वर्षाचं काम बघणाऱ्या समितीचं पत्र आलं. सर त्या दिवशी सकाळी साडेनऊलाच हजर. सुविधाला सगुणच्या टेबलाशी बोलावलं आणि तिच्यापुढे बारा कोरे कागद ठेवले.

"भेटींचे फॉर्म. आपलं राहून गेलं बघ. तू खाली सह्या कर, रकाने मी भरतो."

"सर, पण भेटी…"

"अगं, जिन्यावर बोललो त्या भेटीच ना? नुसती औपचारिकता असते ही. माझ्यावर विश्वास आहे ना?"

ती सगुणकडे बघायला लागली. सगुण हळूच म्हणाला, "कर गे बाय. सगळींच करतात."

तिने बारा सह्या केल्या. मोठ्या माणसाला नाही म्हणायचं तिला कोणी शिकवलं नव्हतं.

दुपारी सरांनी रकाने भरले. मला वाटलं, चार बऱ्या गोष्टी लिहितील. त्यांनी लिहिलं, 'अर्जात त्रुटी, दुरुस्त करून आणावा.' दुसऱ्यावर, 'दुरुस्ती अद्याप नाही.' तिसऱ्यावर, 'दिरंगाईबद्दल समज दिली.' असं करत बारा.

"मार शिक्के," ते म्हणाले. "जूनपासून दर महिन्याला एक. रविवार येऊ देऊ नकोस."

सगुणने कागद वाचले. त्याचा हात थांबला, हे मी सांगतो. पण थांबला तो जेमतेम एका श्वासाइतका. मग त्याने माझी चाकं मागे फिरवली. कॅलेंडर बघून म्हणाला, "चवथीचे दीस सोडूक जाय, सर. सुट्टेच्या दिसाचेर कोण विश्वास दवरतलो?" इतकी काळजी घेत होता तो! जून, जुलै, ऑगस्ट. माझ्या पट्ट्यांना मागे जायची सवय नाही. ते करकरत होते. ऑक्टोबरला त्याने चौदा लावली आणि मी मनात ओरडलो. चौदा ऑक्टोबरला मी दिवसभर खणातल्या अंधारात होतो! त्या दिवशी सगुणच्या मुलीचा, रेश्माचा, साखरपुडा होता. सकाळी हजेरीच्या मस्टरवर सही करून सगुण लगेच पेडण्याला परतला होता. खणाची किल्ली त्याच्या खिशात. सरांनी त्याचं जाणं पोटात घातलं होतं.

पण त्याला ते सुचलं नाही, आणि मला बोलता येत नव्हतं. ठसा उमटला.

समितीत तिघं जण होते. कागद द्यायला सगुण उभा होता आणि मला टेबलावरच ठेवलं होतं, म्हणून सगळं ऐकलं. सुविधाने आपल्या अर्जाची प्रत पुढे केली.

"मॅडम, अकरा जूनला दिलेला अर्ज आहे. शिक्का बघा. आठ महिने सही झाली नाही."

अध्यक्षबाईंनी माझा तो ठसा नीट बघितला. माझा ऊर भरून आला. मग सरांनी शांतपणे बारा कागद पुढे सरकवले. माझेच बारा ठसे माझ्या एका ठशासमोर उभे केले.

बाई वाचत गेल्या. "डॉक्टर, इथे तर दर महिन्याला तुम्हाला समज दिली आहे. खाली सही तुमची ना?"

"माझीच. पण तेव्हा कागद कोरे होते."

"कोऱ्या कागदावर सही का केलीत?"

"सरांनी सांगितलं म्हणून."

सर खिडकीबाहेर बघत होते. ती कागद चाळत होती. एका कागदावर ती थांबली. एकदम सगुणकडे वळली.

"काका, चौदा ऑक्टोबर! रेश्माचा साखरपुडा होता. मी सकाळीच तुमच्या घरी आले होते. संध्याकाळपर्यंत होते. तुम्हीच मला वाढलंत. सांगा ना यांना, त्या दिवशी शिक्का कोण मारणार?"

सगळे सगुणकडे बघू लागले. खरं सांगितलं तर मस्टरवरची ती सही उघडी पडणार होती. तिला हे ठाऊक नव्हतं. मला होतं. तरी मला वाटलं, सांगेल. तिने त्याच्या डब्यातलं खाल्लं होतं.

सगुणने माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"तारखेचं नीट आठवत नाही, मॅडम," तो म्हणाला.

आपल्या पोरीच्या साखरपुड्याची तारीख!

दुसरं वर्ष मिळालं नाही. कागदावर लिहिलं गेलं, 'पुरेसं मार्गदर्शन मिळूनही प्रगती नाही.' हे वाक्य आता तिच्या नावामागे पुढच्या प्रत्येक ठिकाणी जाईल.

जाण्याच्या दिवशी ती आपलं कार्यमुक्तीचं पत्र घेऊन टेबलाशी आली. सगुणने स्टूल पुढे केलं. ती बसली नाही.

"लग्न डिसेंबरात आसा," तो पुटपुटला. "यो गे बाय."

"तारीख आठवली की कळवा, काका."

सगुणने न बघताच मला दाबलं आणि पत्रावर माझा ठसा तिरका बसला. पण तारीख खरी होती. तिने ते पत्र घडी न करता दोन्ही हातांत धरून नेलं.

त्यानंतर सगुण सकाळी मला सरकवतो, पण काही म्हणत नाही. मलाही सरकण्याचं अप्रूप राहिलेलं नाही. माझा मुठीत धरायचा दांडा चिरलाय, पट्टे सैल झालेत. कुठल्याही तारखेवर आता सहज घसरतात. एकदा मागे फिरवलेल्या वस्तूचं तसंच होतं.

तुम्ही कोणी जाणते असाल, मार्गदर्शक म्हणवत असाल, तर माझी विनंती आहे: वेळ नसेल तर नाही म्हणा. पोरं दुसरी वाट शोधतील. आणि सगुणसारखे कोणी असाल, तर तुम्हाला काय सांगू? तुम्हाला सगळं माहीतच असतं.

पण आज बोलायला लागलो ते वेगळ्याच कारणाने. योजनेत नवा डॉक्टर आलाय. अमोल नाव त्याचं. सरळ मुलगा आहे, सरांसमोर बसतसुद्धा नाही. वर्ष संपत आलंय. आत्ता, या क्षणी, तो टेबलाशी उभा आहे. समोर बारा कागद, सगळे कोरे. सर म्हणतायत, "नुसती औपचारिकता." सगुणची नजर जमिनीवर आहे.

अमोलने पेनाचं टोपण काढलंय. मला हाक मारता येत नाही. तुमच्यापैकी कुणीतरी मारा.