वाकडी दांडी, सरळ दांडी

बाहीचं बटण अडकलं, एवढंच निमित्त. मी धूळ पुसत होते, हात मागे घेतला आणि ‘कट्’ असा आवाज झाला. बाबांच्या टर्नटेबलची टोनआर्म, म्हणजे सुई धरणारी ती वाकडी दांडी, बुडापासून तुटून माझ्या बाहीला लोंबकळत होती. कपाटाच्या काचेत माझाच पांढराफटक चेहरा दिसला.

बाबा म्हणजे माझे सासरे. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी दोन दिवस दवाखान्यात होते आणि चार वाजता नवरा त्यांना घरी आणणार होता. नवऱ्याने सोळाव्या वर्षी त्यांच्या एका रेकॉर्डवर ओरखडा पाडला, तर बाबा त्याच्याशी वर्षभर बोलले नव्हते. पोटच्या पोराची ही गत, मी तर सून. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बजावलं होतं, "या घरात राहायचं तर या वस्तूला हात लावायचा नाही." अकरा वर्षं लावला नाही. आज लावला, तो त्यांना खोली स्वच्छ दिसावी म्हणून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रोज संध्याकाळी बाबा रेकॉर्ड लावून बसत. कोणी तोंड उघडायच्या आत त्यांचं एक बोट वर जाई. त्या बोटाला सगळं घर टरकून होतं. आम्ही हो-नाही मानेनेच करायचो. त्यांच्या तिखट कानांच्या गोष्टी तर नातेवाइकांत प्रसिद्ध होत्या. सुईवर केस बसला तरी म्हणे त्यांना कळे.

नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "हे बघ, मला काही सांगूच नकोस. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणता येईल." धन्य तो वीर!

साडेदहाला मोडलं, अकराला ते धूड चादरीत गुंडाळून मी जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीवाल्याकडे पोहोचले. जिन्याखालचं दुकान, एका माणसापुरतं. त्याने तुटकी दांडी भिंगाखाली धरली आणि जीभ टाळ्याला लावून ‘च्च’ केलं.

"ही काही जुळायची नाही आता," तो म्हणाला आणि टेबलावर दोन दांड्या ठेवल्या. "ही वाकडी. दिसायला तुमच्या दांडीची जुळी बहीण. पण अंगाने जड. तुमची सुई नाजूक आहे, तिला हे ओझं झेपणार नाही. आणि ही सरळ. हलकी आहे, सुईला शोभते. फक्त बदललेली आहे हे कोणीही सांगेल."

त्याने उन्हात वाकलेली एक रेकॉर्ड लावली. ती त्याने मुद्दाम याच कामासाठी ठेवली होती. जड दांडी त्या उंचवट्यांवर खड्ड्यांतून जाणाऱ्या गाडीसारखी उसळत होती आणि गाणारी बाई रडवेली वाटत होती. सरळ दांडी अलगद वरखाली झाली, आवाज जागचा हलला नाही.

"ऐकणारे कोण आहेत?" त्याने विचारलं.

"सासरे. कान फार तिखट आहेत हो त्यांचे."

"मग कानांचं ऐका. डोळ्यांची समजूत घालता येते."

डोळ्यावर पट्टी असेल, कानांवर नसेल, असा हिशेब करून मी सरळ दांडी बसवून घेतली. रस्ताभर वाटत होतं की चुकलं, परत फिरावं.

पावणेचारला टर्नटेबल कपाटावर ठेवलं, विजेची पिन लावली आणि बेल वाजली. नवरा "गाडी लावून येतो" म्हणून दारातूनच पसार झाला.

"कसं वाटतंय, बाबा?" मी विचारलं.

"चहा नको," ते म्हणाले आणि सरळ टर्नटेबलकडे गेले.

एका डोळ्यावर पट्टी. त्यांनी रेकॉर्ड ठेवली, हात दांडीवर नेला. हात थांबला. बोटं त्या सरळ दांडीवरून एकदा शेवटपर्यंत फिरली.

"बाबा, माझ्याकडून..."

बोट वर झालं. त्यांनी सुई टेकवली, खुर्चीत बसले, डोळा मिटला.

आवाज आला नाही. आधी वाटलं, भीतीने माझेच कान बंद झाले. मग सुईची कुजबुज ऐकू आली, डासाएवढी. कपाटामागे अ‍ॅम्प्लिफायरची वायर मोकळी लोंबत होती. घाईत ती जोडायचीच राहिली होती. आता आरडाओरडा होणार म्हणून मी भिंतीला टेकले.

बाबांची बोटं गुडघ्यावर ताल धरत होती.

"दांडी बदललीस," ते डोळा न उघडता म्हणाले. "पण आवाज चांगला आहे. पूर्वीपेक्षा मोकळा."

मी त्या वायरकडे बघत राहिले. कधीच फोन न उचलणारे बाबा. मघाचा तो चहा. कोणी बोलायच्या आत वर जाणारं बोट. आम्ही भीतीने गप्प राहिलो आणि आमच्या गप्प राहण्यावर त्यांनी किती वर्षं काढली, देव जाणे.

वर पाहिलं तर त्यांचा डोळा उघडा होता. मी जिकडे बघत होते तिकडेच तेही बघत होते. गुडघ्यावरची बोटं थांबली होती. तो चेहरा माझ्या ओळखीचा होता. सकाळी साडेदहाला कपाटाच्या काचेत मी तोच पाहिला होता. बाबा घाबरले होते, माझ्याहून जास्त.

तेवढ्यात नवरा किल्ल्या वाजवत आत आला. "अरे, हे लावलंय तर आवाज का..."

मी बोट वर केलं.

तो जागच्या जागी गप्प झाला. लहानपणापासूनची सवय. बाबा माझ्या बोटाकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी डोळा मिटला आणि त्यांची बोटं पुन्हा गुडघ्यावर हळूहळू चालू लागली.